नांगर उचलल्यावर

लविनिया, तुमच्याकडे बाथच्या दिवाणखान्यात
आमची गोष्ट अजून चर्चच्या दारातच उभी असेल.
आठ वर्षं वाट, मग ते एक पत्र,
मग एप्रिलमधल्या घंटा आणि आत्याबाईंचा रुमाल.
तिथंच पडदा पाडणारे शहाणे म्हणायचे.
इथं चौतीस दिवस झाले, जमीन नाही.

आमच्या निजायच्या खोलीत एक तोफ आहे.
खरंच. उशाशी, लाल गाड्यावर.
तिच्यावर मी ओले मोजे वाळत घालते.
ढोल वाजला की चार माणसं येतात
आणि भिंती उचलून नेतात, अक्षरशः भिंती.
माझा आरसा, लिहायचं मेज, गिडियनची ठेवणीतली टोपी
सगळं जहाजाच्या पोटात,
आणि रात्री आम्ही जिथं भांडलो
तिथं दारूची पिशवी छातीशी धरून
एक पोरगा उभा राहतो.
संसार इतका सुटा असतो
हे आईनं सांगितलं नव्हतं.

बिस्किट आधी आपटायचं, मग खायचं.
चहाला बकरीचं दूध. बकरीचं नाव डचेस.
तिला माझ्याहून लवकर समुद्र मानवला.

मंगळवारी जोरी नान्सला फटके दिले.
वय एकोणीस. रमची चोरी.
हुकूम गिडियनचा.
मी खाली होते, मोजत नव्हते,
तरी बारा झाले ते मला कळलं.
रात्री त्याच हातानं त्यानं माझ्यासाठी चीज कापलं.
मी घेतलं नाही.
तो बराच वेळ सुरीवर तुकडा धरून बसला,
मग स्वतःच खाल्ला.
त्यानंतर तीन दिवस आमचं बोलणं म्हणजे
वारा?
नैर्ऋत्य.

शुक्रवारी जोरी दारात आला, टोपी चुरगाळत,
पाठ कशालाही न टेकता.
"बाईसाहेब, एक पत्र लिहून द्याल?"
फाल्मथला टॅमसिन म्हणून कुणी आहे,
पिंपात तारल्या खारवते,
मिठानं तिच्या बोटांना चिरा पडतात.
"मी बरा आहे, लिहा."
लिहिलं.
"आणखी?"
"आणखी... तुम्हाला येत असेल ते."

मला काय येतं, लविनिया?
एकच पत्र तोंडपाठ येतं.
लेखणी आपोआप निघाली:
*तुझ्या खिडकीचा दिवा खूण धरून
मी आजवर सुकाणू फिरवलं.
बाकीचे किनारे मला
नुसते नकाशात दिसले.*
वाचून दाखवलं. त्याचे कान लाल झाले.
"अगदी हेच म्हणणार होतो," तो म्हणाला,
आणि मला ते खरंच वाटलं.
टॅमसिनला वाचता येत नाही.
पाद्रीबाबांची बायको वाचून दाखवेल;
म्हणजे आता ते शब्द
चार जणांचे झाले.

खलाशाचं पत्र एका पेनीत जायचं
तर बाहेर कप्तानाची सही लागते.
मी ते गिडियनपुढं ठेवलं.
लाख अजून ओली होती, उघडता आलं असतं.
त्यानं माझं अक्षर पाहिलं, कुणाला ते पाहिलं,
अंगठ्यानं घडी एकदा दाबली
आणि सही केली.
आत स्वतःचंच काय पडलंय
हे त्याला ठाऊक नाही.
किंवा आहे. त्याचा चेहरा मला अजून वाचता येत नाही,
अक्षर तेवढं येतं.

मग म्हणाला, "पाठ कशी आहे त्याची?"
मी म्हटलं, "मला काय विचारतोस?"

तो वर गेला, टोपी न घेता.
डोक्यावरच्या फळ्यांवरून पावलं ऐकत होते:
कप्तानाची बाजू संपली, मोठी डोलकाठी ओलांडली,
आणखी पुढं,
जिथं तो कारणाशिवाय जात नाही.
तिथं थांबली.
पुढचं ऐकू आलं नाही.
जहाज कूस बदलत होतं,
मी दोन्ही हातांनी दौत धरून बसले.

ता. क. पांढरे मोजे पाठवू नकोस.
तोफेचा गंज धुऊन निघत नाही.